मसूदी ऐकीव लिहितो, पण सगळंच नाही

वरच्या प्रतिसादात मसूदीला, म्हणजे दहाव्या शतकातल्या अरब इतिहासकार-प्रवाशाला, ‘ऐकीव कहाण्यांचा संग्राहक’ म्हटलंय. अर्धं बरोबर आहे. तो बगदादचा, वारला 956 मध्ये फुस्तातला, म्हणजे जुन्या कैरोत. त्याच्या ‘मुरूज अल-जहब’ या ग्रंथात दर्यावर्दींच्या गप्पा भरपूर आहेत. पण कोकणातल्या चौल बंदराचं काय करायचं? हिजरी 304 म्हणजे 916-17 मध्ये तो स्वतः तिथे होता. तो त्याला सैमूर म्हणतो. राष्ट्रकूटांचा (त्यांच्या राजाला तो ‘बल्हरा’ म्हणतो) अंमल, स्थानिक राजा झंझ, म्हणजे आपला शिलाहार झंझ. गावात दहाएक हजार मुसलमान, काही सिराफ (इराणचं बंदर), ओमान, बसरा, बगदादहून आलेले, काही इथेच जन्मलेले. त्यांचे तंटे सोडवायला राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला. आकडा फुगवलेला असेल, पण ही व्यवस्था काही त्याने कल्पनेतून रचलेली वाटत नाही.

तिथेच अग्निप्रवेशाला निघालेला एक तरुण त्याने पाहिला. डोक्यावर निखारे, आणि बाजारातून विडा चघळत चाललाय! निखाऱ्यांचं मला अजून पटत नाही, विड्याचं लगेच पटतं.

आणि ऐकिवावर त्याचा डोळे झाकून विश्वास होता असंही नाही. सिंधूत मगरी आहेत म्हणून ती नाईलमधूनच निघते, असं जाहिझ या आधीच्या अरबी लेखकाने लिहिलं होतं. त्यावर मसूदीने त्याला चांगलंच झोडपलंय: हा गृहस्थ ना समुद्रावर गेला, ना फारसा हिंडला, नुसती पुस्तकं उतरवत बसला. मसूदीची स्वतःची तीसेक खंडांची मोठी बखर मात्र हरवली, आपल्या हाती उरलं ते ‘मुरूज’सारखं आटोपशीर लेखन.