प्रतिसाद: कुणी हललं नाही तरी अलार्म वाजतो

खोलीत कुणी नसताना दर दोन-तीन सेकंदांनी भोंगा पुन्हा वाजतो म्हणताय. इतका नियमित ठेका असेल तर तुमचं आरसीडब्ल्यूएल-०५१६ (मायक्रोवेव्ह रडारने हालचाल टिपणारं सेन्सर मॉड्यूल) बहुधा स्वतःच स्वतःला ट्रिगर करतंय. एकदा ट्रिगर झालं की त्याचं आउटपुट साधारण २ सेकंद हाय (चालू) राहतं. ते लो (बंद) होताना रिले, म्हणजे भोंगा चालू-बंद करणारा विजेचा स्विच, सुटतो, सप्लायला झटका बसतो आणि मॉड्यूल त्यालाच हालचाल समजतं.

आधी रिले, भोंगा सगळं काढा. आउट या आउटपुट पायाला १ किलोओहम रेझिस्टरमधून फक्त एलईडी जोडा, व्हिन या सप्लायच्या पायाला बॅटरी द्या, आणि खोलीबाहेर, शक्यतो लांब जाऊन मोबाइलच्या कॅमेऱ्याने बघा. भिंत पातळ असेल तर हा सेन्सर पलीकडचा माणूसही टिपतो, हे बरेचजण विसरतात. एलईडी शांत राहिला तर दोष सप्लायचाच. मॉड्यूलच्या पायांजवळ व्हिन-ग्राउंडमध्ये २२० मायक्रोफॅरड आणि ०.१ मायक्रोफॅरडचे कपॅसिटर लावा, रिलेच्या कॉइलवर उलटा डायोड हवाच. आउटने रिले थेट चालवू नका. मध्ये १ किलोओहम रेझिस्टर आणि बीसी५४७ ट्रान्झिस्टर घाला. ३व्ही३ हा पाय आउटपुट आहे, तिथे सप्लाय जोडू नका.

बॅटरीवरही लुकलुकत असेल तर वायफाय बोर्ड लांब न्या. फिरता पंखा, हलता पडदा तपासा. सुटे भाग असलेली बाजू खोलीकडे, आणि समोर धातू नको.

पल्ला कमी करायचा तर मॉड्यूलच्या मागच्या बाजूला आर-जीएन लिहिलेल्या रिकाम्या जागी १ मेगओहम रेझिस्टर लावा. ७ मीटरचे साधारण ५ होतात. पण हे शेवटी, आधी सप्लाय.