टॅम्पा बे: बाबांना गरवायला न्यायचंय, इनशोअर की निअरशोअर?

आचरेकर_टॅम्पा

नमस्कार मंडळी. माझे बाबा (वय ६९) ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे, फ्लोरिडातल्या टॅम्पाला येतायत. आयुष्यभर आचऱ्याच्या खाडीत हातदोरीने गरवत आले. बोटावर दोरी, गरीला जिवंत सुंगट आणि समोर कांदळाची मुळं. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि होडीत चढणं बंद झालं. बोलून दाखवत नाहीत, पण फोनवर रोज "आज भरती किती वाजता होती" हे सांगतात.

त्यांना एक सकाळ चार्टरवर, म्हणजे कॅप्टनसकट भाड्याने घेतलेल्या बोटीवर न्यायचंय. मी स्वतः रॉड कधी धरलेला नाही. खाडीतच फिरवणारा (इनशोअर) कॅप्टन बघू, की बाहेर गल्फमध्ये, मेक्सिकोच्या आखातात नेणारा (निअरशोअर)? इथे सगळे लाइट टॅकल म्हणतात ते हलकं गरवायचं सामान म्हणजे नेमकं काय, आणि त्यांना ते जमेल का? मासा घरी आणता आला तर आई लगेच तिरफळं घालून कढी करेल.

कांदळकाठ

इनशोअरच घ्या. मी देवगडचा, इथल्याच सेंट पीटर्सबर्गला १४ वर्षं आहे, आणि तुमच्या बाबांसारख्याच माझ्या काकांना नेलं होतं म्हणून इतकं ठामपणे सांगतोय.

टॅम्पा बे उथळ आहे, सरासरी खोली ११-१२ फूट. बोट कांदळाच्या आडोशाला उभी राहते, हलत नाही, गुडघ्यावर ताण येत नाही. समोरचं दृश्य बाबांच्या ओळखीचं असेल. मासेही नात्यातले आहेत. स्नूक हा आपल्या जिताड्याचा भाऊबंद, फक्त अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत काळी रेघ. रेडफिश आणि इथला ट्राउट दोघे घोळ-ढोम्याच्या कुळातले. मँग्रोव्ह स्नॅपर लागला तर ते स्वतःच "तांबोशी" म्हणतील.

लाइट टॅकल म्हणजे सात फुटी लवचिक रॉड, ३००० नंबरचं स्पिनिंग रील, १० पौंडी ब्रेड (विणलेला बारीक दोरा), पुढे दोन-अडीच फूट ३० पौंडी फ्लुरोकार्बनचा जाड दोरा आणि छोटी सर्कल हुक, म्हणजे टोक आत वळलेली गरी. पुढचा दोरा जाड लागतो, कारण स्नूकचं तोंड खरखरीत कागदासारखं आणि गालफडाची कड पात्यासारखी असते. मागचा मुख्य दोरा बारीक ठेवायचा, मासा ओढेल तेव्हा ड्रॅगवरून (रीलच्या ब्रेकवरून) सुटू द्यायचा आणि थकवून आणायचा. बाबा हेच बोटांनी करत आलेत.

एकच सवय मोडावी लागेल, हिसक्याची. सर्कल हुक आपोआप वळून जबड्याच्या कोपऱ्यात बसते. हिसका दिला की ती तोंडातून सरळ बाहेर येते. काकांनी पहिले तीन मासे असेच घालवले आणि गप्प बसले. मला फार वाईट वाटलं. मग कॅप्टनने त्यांना रीलची कडी उघडी ठेवून दोरा तर्जनीवर घ्यायला सांगितलं. चावा बोटावर कळला, कडी बंद केली, सावकाश फिरवत राहिले, आणि २९ इंची स्नूक बोटीला लागला. त्या तर्जनीवर ४० वर्षांचा अनुभव होता हो.

घरी नेण्याचं: स्नूक ऑक्टोबरमध्ये ठेवता येतो, माणशी एक, २८ ते ३३ इंचांमधलाच. डिसेंबर ते फेब्रुवारी आणि मे ते ऑगस्ट बंद. रेडफिश १८ ते २७ इंच, माणशी एक. नियम बदलतात, म्हणून आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य आयोगाची साइट बघा. बुकिंग करतानाच कॅप्टनला सांगा की खायला मासा हवाय. बरेच जण फक्त पकडून सोडतात, आणि हे बोटीवर कळलं तर सकाळ कडू होते. चार्टरवर तुमचं लायसन्स कॅप्टनच्या लायसन्समध्ये येतं. पण दुसऱ्या दिवशी बाबा किनाऱ्यावरून गरवणार असतील तर वेगळं काढा. ६५ वर्षांवरील सूट फक्त फ्लोरिडाच्या रहिवाशांना आहे.

आणि बाबा तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढत असतील, तर ते गणित इथे लागू पडत नाही. पाणी जेमतेम दोन-अडीच फूट चढतं, आणि काही दिवशी चोवीस तासांत भरती एकदाच येते. त्यांना आधी सांगून ठेवा, नाहीतर अस्वस्थ होतील.

सुरमईवेडी

निअरशोअरची बाजू मांडते. ऑक्टोबरमध्ये पाणी गार व्हायला लागलं की किंगफिश आणि स्पॅनिश मॅकरेल दक्षिणेकडे निघतात, एग्माँट की बेटाच्या आसपासही मिळतात. दोन्ही सुरमईच्याच कुळातले, तळून अगदी तीच चव. पकडल्याबरोबर रक्त काढून बर्फात घाला, नाहीतर मांस मऊ पडतं. पण वायव्येचा वारा सुटला की तिथे उभं राहणं माझ्या धडधाकट नवऱ्यालाही जड गेलं. गुडघा लक्षात घेता मीही इनशोअरच म्हणेन. अर्धा दिवस पुरे. भाडं सहसा पूर्ण बोटीचं असतं, माणशी नाही, आणि वर १५-२० टक्के टिप धरा.

आचरेकर_टॅम्पा

खूप आभार. अर्ध्या दिवसाचं इनशोअर ठरवलं. बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं. म्हणाले, "धरलेलो मासो परत सोडूचो कित्याक?" मला उत्तर देता आलं नाही.

कांदळकाठ

त्यांना २०१० सांगा. त्या जानेवारीत इतकी थंडी पडली की स्नूक ढिगाने मेले, आणि गल्फच्या बाजूला २०१३ च्या सप्टेंबरपर्यंत एकही स्नूक घरी नेता येत नव्हता. ३३ इंचांवरच्या बहुतेक माद्या असतात, अंडी त्याच घालतात. आणि हेही सांगा की १९९५ पासून फ्लोरिडाच्या पाण्यात गिलनेटला (मासा कल्ल्यात अडकवणाऱ्या जाळ्याला) बंदी आहे, लोकांनी मतदान करून आणलेली. पर्ससीन जाळ्यांवरून मालवणात काय काय झालंय ते बाबांनी पाहिलंय. त्यांना समजेल.

अजून एक. बहुतेक कॅप्टन गिऱ्हाईक येण्याआधी, पहाटे अंधारात पाग (फेकायचं जाळं) टाकून जिवंत आमिष पकडतात. बाबांना सोबत नेतील का, ते विचारून ठेवा. काका अजून माशाआधी त्या पागेबद्दल बोलतात.