माफी मिळाली, पण सुटका कुठे?
बायबलमधल्या दावीद राजाने दुसऱ्याची बायको बथशेबा हिच्याशी संबंध ठेवले आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. 'दावीदाने पाप कबूल केलं आणि सुटला' असं म्हणतात, ते काही पटलं नाही. नाथान संदेष्ट्याने, श्रीमंताने गरिबाची एकुलती मेंढी हिरावल्याची गोष्ट सांगून त्याला कोंडीत पकडलं, त्याने चूक मान्य केली, माफीही मिळाली. पण बथशेबेला त्याच्यापासून झालेलं बाळ सातव्या दिवशी गेलं. ते आजारी असताना हा उपाशीपोटी जमिनीवर पडून. गेल्यावर मात्र उठला, आंघोळ करून जेवायला बसला. चाकरही चक्रावले! पुढे अम्नोन, अबशालोम या त्याच्या मुलांमध्ये, घरातच खूनखराबा.

मला इस्राएलचा राजा अहाब जास्त खटकतो. नाबोथ या शेजाऱ्याचा द्राक्षमळा लाटला, मग गोणपाट नेसून उपास केला, तर देवाने घराण्यावर आणायचं ठरवलेलं अरिष्ट मुलाच्या कारकिर्दीवर ढकललं गेलं. मुलगाही धुतल्या तांदळासारखा नव्हता म्हणा, पण मळा त्याने थोडाच लाटला होता?