प्रतिसाद: बल्ब बदलण्याआधी अर्थिंग बघा
डावा इंडिकेटर दिला की ट्रेलरचे टेललाइटही मंद लुकलुकतात, असं तुम्ही लिहिलंय. कृपया नवे बल्ब आणू नका. हा जवळजवळ नेहमी अर्थिंगचा, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या जोडाचा, दोष असतो: परतीचा मार्ग तुटला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून वाट काढतो आणि भलतेच दिवे पेटतात.

आधी ट्रेलर सोडवून गाडीच्या 7 पिनच्या सॉकेटवर टेस्ट लॅम्प (करंट असेल तर पेटणारा छोटा तपासणी दिवा) लावा. टेस्ट लॅम्प बल्बचाच हवा. मल्टीमीटर गंजलेल्या जोडावरही 12 व्होल्ट दाखवतो, कारण त्याच्यावर लोडच नसतो. त्यात माणसं दिवसचे दिवस घालवतात. गाडी ठीक निघाली, तर ट्रेलर जोडून गाडीच्या बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक लांब वायर थेट बिघडलेल्या दिव्याच्या अर्थला टेकवा. दिवा लख्ख लागला, की दोष सापडला.

अर्थची पांढरी वायर बहुधा पुढे हिचजवळ (ट्रेलर गाडीला जोडतात तिथे) चासीला स्क्रूने आवळलेली असते. स्क्रू काढा, रंग आणि गंज घासून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घालून आवळा, वर डायइलेक्ट्रिक ग्रीस (ओल रोखणारं, वीज न वाहणारं ग्रीस) लावा. जुन्या ॲल्युमिनियम पत्र्याच्या ट्रेलरमध्ये छताजवळच्या क्लिअरन्स दिव्यांना (ट्रेलरच्या कडा दाखवणाऱ्या छोट्या दिव्यांना) अर्थ अनेकदा पत्र्यातूनच मिळतो, तेव्हा त्यांचे स्क्रूही तपासा.

राहण्याचा ट्रेलर असेल तर दारावरचा दिवा यात धरू नका, तो ट्रेलरच्या आतल्या फ्यूज पॅनेलवर चालतो.

दुरुस्ती होईपर्यंत ट्रेलर रस्त्यावर काढू नका. अमेरिकन ट्रेलरमध्ये ब्रेक आणि इंडिकेटर बहुधा एकाच फिलामेंटवर असतात, म्हणजे मागच्याला तुमचा ब्रेकही धड दिसत नसेल.