यूकेत खरोखरची हिरवी वीज कोणाकडून घ्यावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, आम्ही लेस्टरला राहतो. विजेची फिक्स्ड डील पुढच्या महिन्यात संपतेय आणि या वेळी खरंच स्वच्छ वीज घ्यायची आहे. '१००% रिन्यूएबल' तर बरेच जण लिहितात. पण ऑफजेम (इथली वीज-गॅस नियामक संस्था) हिरवी वीज बनवणाऱ्याला दर १००० युनिटमागे एक रेगो प्रमाणपत्र (वीज अक्षय स्रोतातून बनल्याचा दाखला) देतं आणि ते विजेपासून वेगळं विकता येतं. म्हणजे वीज बाजारातली कुठलीही, वर नुसता कागद जोडलेला! हे मनाला पटत नाही.

गुड एनर्जी आणि इकोट्रिसिटी या वीज कंपन्यांना खऱ्या हिरव्या विजेला हातभार लावतात म्हणून प्राइस कॅपमधून (ऑफजेमने ठरवलेल्या दराच्या कमाल मर्यादेतून) सूट मिळाली होती, म्हणून ती नावं डोक्यात आहेत. कुणी त्यांच्याकडे आहे का? तीन बेडरूमच्या घराला बिल कितपत वाढतं? पवनचक्कीवाल्यांशी कोणाचे थेट करार आहेत, हे कुठे तपासायचं?