रे: रे: रे: नोव्हेंबरचा कार्यक्रम, मलिदा आणि शुक्रवारचा घोळ

प्रेषक: सुनीता (सांस्कृतिक समिती)

मंडळी नमस्कार,
दिवाळीचा फराळ पचला असेल तर आता पुढचं बघूया. नोव्हेंबरचा कार्यक्रम अजून ठरलेला नाहीये, हॉल मात्र शुक्रवार संध्याकाळचा धरून ठेवलाय कारण शुक्रवारी भाडं कमी पडतं. मागच्या मीटिंगला बोलणं झालं होतं की मराठी ज्यू लोकांवर काहीतरी करू, मराठी शाळेतल्या पोरांना पण कळेल. माझ्या डोक्यात असं आहे, दहा मिनिटं स्लाइड शो, मग एक हिब्रू गाणं आणि एक मराठी गाणं मिसळून फ्यूजन, त्यावर मुलींचा डान्स, आणि शेवटी मलिद्याचा स्टॉल, प्लेट पाच डॉलर. सूचना येऊ द्या, आणि प्लीज नुसतं "छान" लिहून पाठवू नका.
सुनीता


प्रेषक: अविनाशकाका

सुनीता, कल्पना उत्तम. पण स्लाइड शोमध्ये डेव्हिड ससून विसरू नकोस, पुण्याचं ससून हॉस्पिटल, मुंबईचं ससून डॉक, सगळं त्यांच्या घराण्याचंच. आणि आकाशवाणीची सकाळची ती सिग्नेचर ट्यून आठवते का, रेडिओ लावला की आधी ती वाजायची, ती वॉल्टर काउफमान नावाच्या ज्यू माणसाची. प्राग सोडून १९३४ मध्ये मुंबईत आला आणि पुढे ऑल इंडिया रेडिओत पाश्चात्य संगीताचा विभाग बघायचा. व्हायोलिन मेहली मेहतांचं, म्हणजे आपल्या ऑर्केस्ट्रावाल्या झुबिन मेहताचे वडील. अख्ख्या महाराष्ट्राने ज्या सुरावर चहा प्यायला तो एका निर्वासिताचा, हे पोरांना सांगितलंच पाहिजे. ती ट्यून मी पेटीवर वाजवीन, शिवरंजनीच्या अंगाने जाते.


प्रेषक: मिहीर

एक शंका, वाईट वाटून घेऊ नका. सध्याच्या वातावरणात असा कार्यक्रम केला तर कोणीतरी त्याचा भलता अर्थ काढेल आणि मंडळाच्या पेजवर भांडणं सुरू होतील. माझ्याच घरात या विषयावर दोन मतं आहेत. आणि खरं सांगायचं तर मराठी ज्यू म्हणजे नक्की कोण, हे मलाच नीट माहीत नाही, मग शाळेतल्या मुलांना मी काय सांगणार.


प्रेषक: राहेल

सगळ्यांना नमस्कार, मेल लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सुनीता, आधी घोळ सांगते. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ लागतो, म्हणजे आमचा आठवड्याचा विसाव्याचा दिवस, तो शनिवारी अंधार पडेपर्यंत. म्हणजे कार्यक्रम ज्यू लोकांवर आणि हॉलमध्ये ज्यू माणूस एक नाही :) आम्ही त्या वेळेला गाडी चालवत नाही, पेटीला हात लावत नाही. कोकणात आमच्या लोकांना शनवार तेली म्हणायचे ते याचपायी, तेलाचा घाणा शनिवारी बंद. एवढी शतकं घाणा बंद ठेवला आणि आता हॉलच्या भाड्यासाठी मोडायचं का? शनिवारी आकाशात तीन तारे दिसले की सुटलं. नोव्हेंबरात घड्याळं मागे गेलेली असतात, साडेपाचपर्यंत अंधार होतो, तेव्हा साडेसातला सुरू केलं तरी आम्ही आरामात पोचू.

मिहीर, तुझी शंका अगदी रास्त आहे, मला पण भांडणं नकोत, म्हणून तर म्हणते की राजकारणाचा विषयच यात येत नाही, आपण अलिबाग-पेणची गोष्ट सांगतोय. आम्ही बेने इस्राएल. नवगावच्या किनाऱ्याला गलबत फुटलं आणि सात पुरुष आणि सात बायका वाचल्या अशी आमच्यातली जुनी गोष्ट. पुस्तकं गेली, हिब्रू गेली, तोंडात राहिली ती "शेमा इस्राएल" ही प्रार्थना. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, नवगावकर. सिनेमातले डेव्हिड आठवतात ना, ते डेव्हिड अब्राहम चेऊलकर, चौलचे. काका, ससून मात्र आमच्यातले नव्हेत हां, ते बगदादी ज्यू, बगदादकडचे, १८३२ मध्ये मुंबईत आले, त्यांच्या घरात अरबी बोलायचे. ट्यून जरूर वाजवा, पण वेगळी, आमच्या गोष्टीत घुसवू नका.

आता फ्यूजनबद्दल. ते १८८० मध्येच करून झालंय, मुंबईत, आणि आपल्याला जमेल त्याच्यापेक्षा कितीतरी बरं. बेने इस्राएल मंडळींनी कीर्तन सुरू केलं. हो, कीर्तनच, पूर्वरंग, आख्यान, साकी, दिंडी, आर्या ही वृत्तं, पेटी, तबला सगळं. आख्यान मात्र अब्राहामाचं, मोशेचं, योसेफाचं.

का, ते सांगते, कारण मुलांना सांगायचं तर हेच सांगितलं पाहिजे. हिब्रू चार-दोघांना यायची, मराठी सगळ्यांना. मिशनरी लोकांनी बायबल मराठीत आणलेलं, जॉन विल्सनने १८३२ मध्ये हिब्रूचं व्याकरण चक्क मराठीत छापलं. आमच्या लोकांनी शिकून घेतलं सगळं, धर्म काही बदलला नाही. पण मग आपल्याच मोशेची गोष्ट पाद्र्याच्या तोंडून किती दिवस ऐकायची? १८४६ ला मुंबईत मराठी भाषांतरासकट हगादा निघाली, म्हणजे पेसाहच्या, इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या रात्री घरात वाचतात ते पुस्तक. १८७४ ला पुण्यात चित्रांची निघाली, चित्रं अॅमस्टरडॅमच्या जुन्या पुस्तकावरनं घेतलेली पण बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका साड्या नेसून खाली बसलेल्या! ते चित्र स्लाइडवर मोठं करून लावा, बाकी स्लाइड नसल्या तरी चालेल. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहीमकरांनी मुंबईत शाळा काढली, तीच पुढे सर एली कदूरी शाळा. शाळेत जायची ती पोरं, आणि घरातल्या आज्ज्या, दुकानातली माणसं, त्यांचं काय? त्यांच्यासाठी कीर्तन. दिवसभर काम करून आलेला माणूस पुस्तक उघडत नाही, पण पेटीचा सूर लागला की येऊन बसतो. शिवाय कीर्तनाला मूर्तीची गरज पडत नाही, एक माणूस उभा राहतो आणि गोष्ट सांगतो, त्यामुळे आमच्यात ते सहज बसलं. गणपतीच्या नमनाच्या जागी एका देवाची स्तुती, डोक्यावर टोपी, एवढाच फरक.

माझ्या आजीची वही माझ्याकडे आहे, ठाण्याच्या घरातली, पुठ्ठ्याला तेलाचे डाग. प्रत्येक पदाच्या डोक्यावर "चाल:" आणि पुढे कुठल्यातरी नाटकातल्या पदाचे पहिले दोन शब्द. मधेच हिब्रू गाणी, सगळी बाळबोधमध्ये, म्हणजे देवनागरीत लिहिलेली, "एलियाहू हान्नावी" (संदेष्टा एलिया) मधल्या ना च्या पुढे तीन अवग्रह काढलेत, ऽऽऽ, म्हणजे तिथे ओढायचं. आजीला हिब्रूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं आणि एक शब्द चुकत नव्हता.

मलिद्याचं मात्र ऐका. भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, बाजूला पाच फळं, करायला सोपा आहे, पण तो स्टॉलवर विकायचा पदार्थ नाही गं. नवस फिटला, लग्न ठरलं, पोरगं परीक्षेत निघालं की एलियाहू हान्नावीची प्रार्थना म्हणून मग तो सगळ्यांना वाटायचा. प्रार्थना म्हणूया, मी म्हणीन, आणि फुकट वाटूया. स्टॉलला चिकाचा हलवा ठेवा, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध. आमच्याकडे मटणाबरोबर दूध-दही चालत नाही, जेवणानंतर गोड हवं तर नारळच कामाला येतो.

डान्स राहू दे. त्याऐवजी एक सुचवते. आमच्या लग्नात नवरी सिनेगॉगच्या, म्हणजे आमच्या प्रार्थनाघराच्या दारातून आत येते तेव्हा नवरदेव स्वतः उभा राहून तिच्यासाठी गातो, "योनाती झिव". आवाज कसाही असो, गायचंच. माझ्या वडिलांचा इतका कापत होता म्हणे की आई चालता चालता हसली. ते मिहीरकडून गाऊन घ्या, त्याचं लग्न जवळ आलंच आहे.
राहेल


प्रेषक: मिहीर

राहेलताई, मला का अडकवताय :) बरं, शंका मागे घेतो. सूत्रसंचालनात पहिल्याच वाक्यात कोकण आलं पाहिजे एवढंच म्हणणं आहे. गाणं ऐकून बघतो, प्रॉमिस नाही.


प्रेषक: खजिनदार

शनिवारचं भाडं दीडशे डॉलर जास्त आहे. मलिदा फुकट म्हणजे ते पण पैसे गेले. विरोध नाही, फक्त आकडा सांगून ठेवतो, नंतर मला विचारू नका.


प्रेषक: सुनीता (सांस्कृतिक समिती)

राहेलताई, शुक्रवारचं माझ्या लक्षातच आलं नाही, खरंच सॉरी. हॉलवाल्याशी बोलले, दुसरा शनिवार मिळतोय, साडेसात ते दहा. दीडशे डॉलर पुढच्या पिकनिकमधून काढू. फ्यूजन रद्द, डान्स रद्द (दोन आया नाराज आहेत, त्यांना मी बघते).

आख्यान योसेफाचं घेऊया का? शाळेतल्या पोरांना कालच गोष्ट सांगितली, भावांनी रंगीत अंगरखा काढून घेऊन त्याला कोरड्या विहिरीत टाकला इथपर्यंत आले तर एक मुलगी म्हणाली "आणि त्याच्या बाबांना कोणी सांगितलं?" वर्ग एकदम गप्प. मग आम्ही सगळ्यांनी मिळून ओवी जुळवली, बघा चालते का:

अंगरखा रंगीत ल्याला
भावांच्या डोळ्यांत सलला
वीस नाण्यांना विकला
योसेफ बाळ

कीर्तनकार कोण पण? आपल्याकडचे बुवा भारतात गेलेत.


प्रेषक: अविनाशकाका

ससूनबद्दल चूक कबूल, पन्नास वर्षं चुकीचं सांगत आलो, बायकोने आत्ताच ऐकवलं.

ओवी चांगली झालीय, फक्त "सलला" वर पोरं घाई करतील, तिथे थांबायला शिकव. कीर्तन राहेलनेच करावं. गळा आहे, गोष्ट घरची आहे, आणि मेल एवढी मोठी लिहिते म्हणजे आख्यान लावायला काही अडचण नाही. पेटी मी, तबल्याला आमचा शेजारी. दुष्काळात तेच भाऊ धान्य मागायला मिसरात, म्हणजे इजिप्तला येतात आणि योसेफ त्यांना ओळखतो पण ते त्याला ओळखत नाहीत, तो भाग साकीत घे, तिथे लोक रडतात. आमच्या गावच्या देवळात भरतभेटीला रडायचे तसे.

फक्त वहीतल्या चाली पाठव, सराव सुरू करतो.


प्रेषक: राहेल

मी?? काका, मी आयुष्यात कधी उभं राहून कीर्तन केलेलं नाही, बसून ऐकलंय फक्त, तेही लहान असताना. पण नाही म्हणवत नाहीये.

वहीच्या चार पानांचे फोटो जोडलेत. तिसऱ्या पानावरच्या साकीची चाल पुसट झालीय, पहिला शब्द दिसतो, दुसऱ्यावर तेल सांडलंय. सूर मला आठवतो, नाव नाही.


प्रेषक: अविनाशकाका

फोटो झूम करून पाहिला, छे, मला पण लागत नाही. फोन कर, गुणगुणून दाखव, पेटी उघडून बसलोय.


प्रेषक: राहेल

काका, आज शुक्रवार. सव्वाचार वाजले, दिवे लावायला उठते. उद्या अंधार पडला की करते फोन.