मदत हवी आहे: 'कमिंग' खटला कोणत्या रांगेत बसवायचा?

नमस्कार मंडळी,

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वर्णभेदाचे कायदे कसे टिकवून धरले, यावर विधीच्या विद्यार्थ्यांसाठी मराठीत टिपणं करतोय. एका जागी अडलोय.

प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन (१८९६) सरळ आहे. लुइझियानाचा १८९० चा रेल्वे कायदा, गोऱ्या-काळ्यांना 'समान पण वेगळे' डबे, निकाल ७ विरुद्ध १. वेगळेपणात कमीपणा दिसत असेल तर तो अर्थ काळ्यांनीच लावलेला, असं बहुमताने म्हटलं. हे वाचून आजही चीड येते. विरोधात एकटे न्या. हार्लन.

अडचण १८९९ च्या कमिंग खटल्याची. जॉर्जियातल्या रिचमंड काउंटीने काळ्या मुलांचं हायस्कूल बंद केलं, गोऱ्यांसाठीची सोय चालू ठेवली. पालकांनी मागितला होता मनाई हुकूम: गोऱ्यांच्या हायस्कूलवर कराचा पैसा खर्चू नका. कोर्ट म्हणालं, त्याने काळ्या मुलांच्या पदरात काहीच पडणार नाही. निकाल एकमताचा, आणि लिहिला हार्लन यांनीच! शाळा वेगळ्या असाव्यात का, हा मुद्दाच समोर नाही, असंही त्यात नोंदवलंय. तरी गाँग लम खटल्यात (१९२७) मिसिसिपीच्या वेगळ्या शाळा वैध ठरवताना याच निकालाचा आधार घेतला गेला.

मग याला 'विलगीकरण (segregation, वंशानुसार वेगळं ठेवणं) वैध ठरवणारा' म्हणावं, की फक्त चुकीचा उपाय मागितल्याने फेटाळलेला? मूळ निकालपत्र वाचलेल्यांनी कृपया सांगा.

शिवाय, 'विलगीकरण' म्हटलं की आता कोविडच आठवतो. 'पृथक्करण' चालेल का?